भिडेची खरेदी ही लेव्हीच



दोन वर्षांपूर्वीच्या जिल्हा बैठकीत आमच्या हातून एक चूक झाली. तिची कबुली आधी देतो, मग पुढचे बोलतो.

मंडपाच्या कडेला एका गावच्या अकरा बायांनी उडदाच्या पापडांचे टेबल मांडले होते. पापड चांगले होते, आम्ही स्वतः खाल्ले आहेत. सकाळपासून दुपारपर्यंत पंचवीसेक पाकिटे गेली होती. एवढ्या गर्दीत एवढीच विक्री, हे आम्हाला बघवेना. जेवणाची सुट्टी होण्यापूर्वी आम्ही माइक हातात घेतला आणि सांगून टाकले, "हा आपल्याच मायबहिणींचा माल आहे. प्रत्येकाने एक तरी पाकीट घेतल्याशिवाय मंडपाबाहेर पाऊल टाकायचे नाही." टाळ्या पडल्या. अर्ध्या तासात तीनशे पाकिटे संपली. बायांच्या डोळ्यांत पाणी आले आणि आमची छाती फुगली.

पुढच्या बैठकीसाठी त्या बायांनी बचत गटातून कर्ज उचलले आणि सहाशे पाकिटे करून आणली. त्या दिवशी माइक दुसऱ्याच्या हातात होता, कांद्याच्या भावावरून सभा तापलेली होती, टेबलाकडे कोणी फिरकले नाही. सत्तेचाळीस पाकिटे गेली. पावसाळा तोंडावर होता. उरलेला माल घरच्या पत्र्याच्या डब्यांत पडून राहिला आणि आषाढातल्या दमट हवेत त्याला बुरशी धरली. कर्ज खुरपणीच्या मजुरीतून फिटले.

आम्ही भेटायला गेलो. चहा झाला, कोणी एका शब्दाने बोलले नाही. निघताना त्यांच्यातली वडीलधारी बाई म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही माइकवरून सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पंचवीस पाकिटं खपली असती, तर पुढच्या खेपेला आम्ही तीस केली असती."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. त्या बाईने कोणत्याही पुस्तकात अर्थशास्त्र वाचलेले नाही, पण आम्ही गेली कित्येक वर्षे सभांतून जे सांगत आलो ते तिने दोन वाक्यांत सांगितले. भाव आणि खप ही बाजाराची जीभ आहे. ती जीभ सरकारने दाबली की शेतकऱ्याला काय पेरावे ते कळत नाही, असे आम्ही सरकारला सुनावतो. त्या दिवशी ती जीभ आम्हीच दाबली. पंचवीस हा आकडा खरा होता. तीनशे हा आकडा भिडेचा होता. अकरा बायांनी खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून उडदाची डाळ भिजवली.

लेव्ही म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. साखर कारखान्यांकडून उत्पादनाचा ठराविक हिस्सा सरकार आपल्या भावाने उचलत असे. ती लेव्ही थेट 2013 मध्ये उठली. 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत कापूस दुसऱ्याला विकायची मुभा नव्हती. 'नाही' म्हणण्याचा अधिकार ज्याच्याकडे नाही त्याच्याशी झालेला व्यवहार हा व्यवहारच नव्हे, अशी आपली भूमिका. मग शेजारणीच्या ओट्यावर बसून, तिच्या घरचा चहा पिऊन, "घ्या ना वहिनी, एकच पाकीट" असे तीनदा म्हणून जे पाकीट खपते, त्याला काय म्हणायचे? वहिनीला 'नाही' म्हणता आले नाही. ती खरेदी लेव्हीच झाली, फक्त तहसीलदाराच्या जागी आपण बसलो.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पाकिटाला केवढी ही तोफ! पण हे पाकीट लहान नाही. 1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीची मांडणी केली, तिच्यातली एक बाजू माजघर शेती होती. शेतात पिकलेला माल कच्चाच बाजारात ओतायचा आणि त्याची डाळ, तिखट, पापड, लोणची करून दुसऱ्याने कमवायचे, हे थांबवायचे तर ते काम घराच्या माजघरातून सुरू करावे लागेल, असा तो विचार. विचार पटला, गावोगाव बायांनी उद्योग सुरूही केले. आज जागोजागी मसाले, शेवया, नाचणीचे सत्त्व, मनुके, हळद पावडर घरातून तयार होते. माल करण्यात आपण कुठे कमी पडलो नाही. घोडे अडले ते विकण्यात. यंत्रासाठी अनुदानाच्या योजना निघतात, गिऱ्हाईकासाठी कोणती योजना निघणार? ते ज्याचे त्याने मिळवायचे असते, आणि इथे आपली माणसे दोन टोकांना जातात. काही जणी लाजतात, काही जणी चिकटतात.

लाजण्याचे कारण आपल्या रक्तात मुरलेले आहे. शेतकऱ्याने आपल्या मालाचा भाव स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलेलाच नाही. बाजारात गाडी उभी करायची आणि दुसरा काय देतो ते ऐकायचे. एकेकाळी तर रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा, मालाचा धनी बाजूला उभा. अशा घरातल्या सुनेने अचानक "हा मसाला सहाशे रुपये किलो" असे ठणकावून म्हणावे ही अपेक्षाच जड आहे. ती पुटपुटते, "तुम्हाला काय द्यायचे ते द्या." आणि मग जे मिळाले त्यात भागत नाही म्हणून जास्त पाकिटे खपवायला निघते. लाजणे आणि चिकटणे हे वरवर उलट दिसले, तरी दुसरे पहिल्याच्याच पोटातून निघते.

हिशेबच करून पाहू. समजा एक किलो मसाल्याला मिरची, धने, खोबरे, तेल, खडा मसाला मिळून 420 रुपयांचा माल लागला. डंकावर कुटून घ्यायचे 40. पिशवी आणि चिठ्ठी 15. झाले 475. बाई तो 500 रुपयांना देते आणि म्हणते 25 रुपये सुटले. आता मिरची वाळवणे, देठ खुडणे, धने निवडणे, सगळे भाजणे, यात पाच किलोला दोन दिवस मोडले असे धरा. तेच दोन दिवस ती दुसऱ्याच्या रानात गेली असती आणि 300 रुपये रोज मिळाला असता तर 600 झाले असते. म्हणजे किलोमागे 120 तिच्या घामाचे. खरा खर्च 595. ती 25 मिळवत नाही, किलोमागे 95 रुपये गिऱ्हाइकाला भेट देते, वर त्याच्या दारात उभी राहून आर्जव करते! उधारीत अडकलेला पैसा आणि एसटीचे भाडे आम्ही अजून धरलेलेच नाही.

उत्पादन खर्चावर आधारित भाव सरकारकडे मागताना आपण घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणून भांडलो. घरात मात्र बाईची मजुरी शून्य. ज्या मालाचा भाव नीट लावलेला आहे त्याची दहाच पाकिटे गेली तरी बाई ताठ मानेने घरी येते. कमी भावाचा माल शंभर पाकिटे खपवल्याशिवाय हाती काही लागत नाही, आणि शंभरासाठी नात्यागोत्यात पदर पसरावा लागतो. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आपण मोर्चात देतो. ती माजघरातही लागू आहे.

आता चिकटपणाबद्दल. आठवडे बाजारात पाटी मांडून बसलेली बाई दिवसभर घसा फोडून ओरडते, "ताजी मेथी, घ्या ताजी मेथी!" तिला कोणी चिकट म्हणत नाही. उलट घरी येऊन हळू आवाजात एकदाच "माझ्याकडे मसाला असतो बरं का" म्हणणारी नातेवाईक कधीकधी नकोशी होते. असे का? बाजारात माणूस ऐकून पुढे जाऊ शकतो. त्याला थांबायचे असेल तर थांबेल, नाही तर पाय आहेतच. घरात आलेल्या पाहुणीसमोरून उठून जाता येत नाही. हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर मालाची पिशवी पुढे आली तर मागे सारता येत नाही. म्हणजे माल सांगण्यात दोष नाही, मोठ्याने सांगण्यातही नाही. समोरच्याची जाण्याची वाट आपण अडवली आहे का, एवढेच पाहायचे.

ही वाट अडवण्याचे शास्त्र करून गावांना लुटणारेही होऊन गेले. साखळी योजनांनी काय केले आठवा. मेहुणा घरी आला, साबण-पावडर दाखवली, आणि मग म्हणाला, तुमच्या खाली दोन माणसे जोडा, त्यांच्या खाली चार. पैसा फिरवण्याच्या अशा योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे, 2021 च्या डिसेंबरात थेट विक्रीचे नियम काढून सरकारने साखळीला पुन्हा मनाई केली. कायदे आहेत, योजना नाव बदलून येतात. पैशाचे नुकसान झाले ते झालेच, पण त्याहून वाईट असे की मेहुणा दारात दिसला की लोक विचारू लागले, आज काय विकायला आला? आमच्या बायांना हा वारसा मिळाला आहे. प्रामाणिक माल घेऊन गेले तरी आधी त्या संशयाचे कुंपण ओलांडावे लागते.

मोबाईलने तर घरात शिरायला दारही लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपवर एक ताई रोज सकाळी मसाल्याचा फोटो टाकत असे. एके दिवशी गावातल्या म्हाताऱ्याच्या मयताची खबर आली आणि लगेच तिच्याखाली "ताजा गोडा मसाला उपलब्ध". तिच्या मनात वाईट नव्हते, सवयीने हात चालला. पण त्यानंतर लोक तिचा फोटो न बघताच सरकवू लागले. तीच ताई आता वेगळी यादी ठेवते. ज्यांनी आपणहून "नवा मसाला झाला की कळवा" म्हटले त्यांचीच नावे, आणि निरोप वर्षातून चार वेळा. यादी लहान आहे. त्या यादीतले बहुतेक जण घेतात.

शहाण्या बायांचे काम पाहून आम्ही जे शिकलो तेही सांगतो. पहिली गोष्ट वेळ. चैत्र-वैशाखात घरोघर वर्षाचे तिखट, मसाला, हळद भरायची असते. दिवाळीच्या आधी शहरातल्या नोकरदार बाईला चकली-अनारसे करायला सवड नसते. त्या दिवसांत एकदा सांगितलेले भाद्रपदात दहादा सांगण्यापेक्षा बरे. दुसरे म्हणजे चव. पाकीट पुढे करण्याऐवजी घरी आलेल्याला त्याच मसाल्याची आमटी वाढा आणि गप्प बसा. आवडली तर तो विचारेल, मसाला कुठला? नाही आवडली तर जेवून जाईल. ज्याने स्वतः विचारले त्याला भाव सांगताना जीभ अडखळत नाही, हा आणखी फायदा. मात्र जेवण वाढले म्हणून त्याने घ्यावे, असा हिशेब मनात असेल तर वाढूच नका. ते चेहऱ्यावर दिसते.

पाकिटावर नाव, गाव, फोन, वजन, तयार केल्याची तारीख, आत काय आहे ते स्वच्छ छापा. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरगुती उद्योगालाही नोंदणी लागू केली आहे, ती करून नंबर टाका. कायद्याचा जाच वाटतो, आम्हालाही वाटतो, पण या चिठ्ठीचा एक उपयोग असा की ती बाईच्या बदल्यात बोलते. पाकीट संपल्यावर गिऱ्हाइकाला पुन्हा घ्यायचे असेल तर त्याला तुमची वाट पाहावी लागत नाही, आणि घ्यायचे नसेल तर तुम्हाला कारण सांगावे लागत नाही. पुढच्या वेळी भेट झाली तर "अजून देऊ का?" हा प्रश्न टाळा. "तिखट जास्त झालं का?" असे विचारा. खोट सांगायची मुभा मिळाली की माणूस मोकळा होतो. आमच्या भागातल्या एका बाईने असे विचारून विचारून मिठाचे प्रमाण कमी केले. लोक घरात तिचा मसाला खात होते आणि भिडेपोटी "छान आहे" म्हणत होते, पण दुसऱ्यांदा घेत नव्हते.

आणि दुकानदाराकडे जा. आपल्या लोकांना दुकानदाराचे वावडे आहे. पण नात्यातल्या दहा जणींनी "छान" म्हणण्यापेक्षा एका दुकानदाराने दहा पाकिटे पैसे मोजून घेणे ही मोठी परीक्षा आहे. त्याला भीड नसते. माल खपला नाही तर तो दुसऱ्यांदा घेणार नाही, तोंडावर सांगेल.

लिज्जत पापडाची गोष्ट सर्वांना माहीत आहे असे आपण समजतो, पण तिची सुरुवात कशी झाली ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बाया पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने. त्या दिवशी चार पाकिटे झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. ओळख होती हे खरे, पण व्यापारी पापड घेतो तो पुढे विकायला. तोटा होत असला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. आधी त्या दोन प्रतींचे पापड करत, एक हलकी आणि स्वस्त. छगनलाल पारेख यांनी त्यांना सांगितले की एकच चांगली प्रत करा आणि तिच्यात तडजोड करू नका. तुटके पापड शेजाऱ्यांत वाटले जात. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक शेगडी घेतली, पापड खाटेवर आणि शेगडी खाली. पहिल्या वर्षाची विक्री 6196 रुपये. त्या सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तोवर साठ वर्षे उलटून गेली होती.

चार पाकिटे, आणि पाऊस आला की काम बंद. आमच्या तीनशेच्या बढाईपुढे हे किती किरकोळ दिसते! आमच्या अकरा बायांना खाट आणि शेगडीचा विचार करायलाही उसंत मिळाली नाही, कारण आम्ही त्यांना एका दुपारी चारावरून तीनशेवर नेऊन ठेवले होते.

शेवटचा मुद्दा आपल्या घरातला आहे आणि तो काहींना झोंबेल. कार्यकर्त्याच्या छातीवर बिल्ला आहे. तालुक्याच्या पदाधिकाऱ्याच्या घरून हळद विकायला निघते तेव्हा गावातला साधा शेतकरी ती हळद बघत नाही, बिल्ला बघतो. उद्या आपले काम पडेल, मोर्चाला गाडी लागेल, पोलीस ठाण्यात कोणी सोबत यायला हवे, हे त्याच्या डोक्यात असते. तो घेतो आणि मागे बोलतो. आम्ही असे बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. काही सहकारी म्हणतात, आपल्या माणसांचा माल आपणच नाही घेतला तर कोण घेणार? त्यांची कळकळ आम्हाला कळते. माइक हातात घेताना आमचीही तीच होती. पण आपल्या माणसाचा माल आपण घ्यावा तो चांगला आहे म्हणून, आणि नको असेल तर न घेता त्याच मंडपात त्याच्याशेजारी बसून जेवता यावे. हे जमत नसेल तर पदाधिकाऱ्यांच्या घरच्यांनी आपल्या तालुक्यात विकूच नये, शेजारच्या तालुक्यात जावे. या सूचनेवर येत्या बैठकीत चर्चा व्हावी अशी आमची मागणी आहे, आणि विरोधात मत असेल त्यांनीही ते मांडावे.

येत्या बैठकीत मालाची टेबले चहाच्या जागेजवळ राहतील, बाहेर जायच्या वाटेवर नाहीत. व्यासपीठावरून कोणत्याही मालाचा उल्लेख होणार नाही. चव पाहायला भाजलेला पापड ठेवलेला असेल, भाव पाटीवर लिहिलेला असेल, तो सर्वांना एकच. त्या अकरा जणींपैकी चौघींनी काम सोडले आहे. सात जणी येणार आहेत. पाकिटे चाळीस.